रेघेची आज्ञा

जिन्यात पाऊल वाजले आणि वेळ सूर्यास्तानंतरची असली, तर दिवा लागावा, एवढी साधी आज्ञा घराला द्यावयाची म्हटले तरी तिच्यापायी संगणकाच्या भाषेत ओळींमागून ओळी लिहाव्या लागत, त्या काळाला फार वर्षे लोटलेली नाहीत. आज तीच आज्ञा पडद्यावर तीन चौकटी मांडून व त्या रेघांनी जोडून देता येते. ही अज्ञजनांसाठी केलेली सवलत होय, असे मानणारे पुष्कळ आहेत. मला ते मत मान्य नाही, कारण या रेघेचे कूळ कसबी कारागिरांचे आहे.

जनरल मोटर्स या मोटार-कंपनीच्या हायड्रामॅटिक खात्याच्या कारखान्यात उत्पादनाचा नमुना पालटला की रिलेंच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या खटक्यांच्या, कपाटांतील तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत. १९६८ साली त्या खात्याने यावर तोड मागितली, आणि डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ हे यंत्र सिद्ध केले. यंत्राइतकेच मोलाचे होते ते त्याच्या लिपीचे धोरण. दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामधल्या पायऱ्या, अशा शिडीच्या आकृतीत वीजतंत्री आपली जोडणी पूर्वापार वाचीत आला होता. तीच शिडी नव्या यंत्राची भाषा म्हणून बहाल झाली, आणि त्याचे जन्मभराचे ज्ञान बाद ठरले नाही.

घरापर्यंत ही परंपरा आली ती इंग्लंडातील हर्स्ली येथून. १९५८ पासून तेथे आयबीएमची प्रयोगशाळा नांदू लागली. तिच्यातील निक ओ’लिअरी व डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी १९९९ च्या ‘एमक्यूटीटी’ या संदेशपद्धतीतील निरोप कोठून कोठे जातात हे डोळ्यांना दिसावे व बदलता यावे, या हेतूने २०१३ च्या आरंभी जे साधन रचले, तेच ‘नोड-रेड’ होय. त्याच वर्षी ते सर्वांस खुले झाले. जे. पॉल मॉरिसन यांनी आयबीएममध्येच मांडलेली, स्वतंत्र चौकटींमधून माहितीचा प्रवाह खेळविण्याची जुनी कल्पना येथे घरगुती झाली.

नोड-रेडची मांडणी करणे अवघड नाही. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर ते बसवावे आणि ब्राउझरमधून त्या संगणकाचे १८८० क्रमांकाचे द्वार उघडावे. डावीकडे चौकटींची मांदियाळी, मध्ये कोरा फलक. पाऊल ओळखणारी चौकट, वेळ तपासणारी चौकट, दिव्याची चौकट. आणि मधल्या चौकटीला निरीक्षणाची आणखी एक चौकट जोडली की वाहणारा निरोप कडेला अक्षरशः वाचता येतो. चूक नेमकी कोठे झाली हे गृहस्थाला स्वतःच हुडकता यावे, याहून मोठी सोय मला दिसत नाही. जेथे आकृती अपुरी पडते तेथे एका चौकटीत जावास्क्रिप्टच्या ओळी लिहिण्याची मुभाही आहे.

फलकावर कितीही फेरफार केले तरी ते निव्वळ मसुद्यादाखल असतात. वरच्या कोपऱ्यातील ‘डिप्लॉय’ची कळ दाबली, की मगच जिन्यातला दिवा नव्या हुकमाबरहुकूम चालू लागतो.