फोटो आपण काढला, पण चेहरा कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. त्या भूमीला अभिवादन करायला आजही लोक येतात. आपण मोबाईलवर त्यांचे फोटो काढतो आणि लगेच टाकतो. त्याआधी दोन गोष्टी समजून घेऊ.

पहिली, कॉपीराइट. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार फोटोचा पहिला मालक साधारणपणे तो काढणाराच असतो. पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर काढून घेणारा मालक ठरतो. व्हॉट्सॲपवर आला म्हणून फोटो आपला होत नाही. नुसते ‘साभार’ लिहिणे म्हणजे परवानगी नव्हे.

दुसरी, संमती. सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला सरसकट बंदी नाही. गर्दीचे दृश्य बातमीत चालते. पण एखाद्या आजीचा चेहरा बॅनरवर किंवा देणगीच्या आवाहनात वापरायचा, तर तिला विचारलेच पाहिजे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात सांगितले आहे.

अत्याचाराच्या प्रकरणात तर अधिक जपावे. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाचा फोटो, नाव, पत्ता किंवा शाळा माध्यमांतून उघड करणे पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार गुन्हा आहे. बलात्कारपीडितेची ओळख छापण्याबाबत भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आहे. आपला हेतू न्याय मागण्याचा होता, एवढ्याने सुटका होत नाही.

मोर्चा संपल्यावर आपण घरी जातो. पीडित कुटुंबाला मात्र त्याच गावात राहायचे असते. म्हणून आधी विचारू, मगच छापू.