एक अक्षरगट, नऊ उच्चार : इंग्रजीतील 'ओ-यू-जी-एच'चे शब्द

इंग्रजीतील 'ओ', 'यू', 'जी' आणि 'एच' ही चार अक्षरे एकत्र आली की उच्चाराचा भरवसा राहत नाही. मराठीतही एका अक्षराला दोन उच्चार असतात. 'चंद्र'मधला 'च' निराळा आणि 'चाक'मधला निराळा. परंतु या चार अक्षरांचे उच्चार नऊच्या आसपास जातात. परदेशात इंग्रजीतच व्यवहार करणाऱ्यांना या शब्दांचे अर्थ आणि उच्चार गटवार माहीत असणे उपयोगाचे ठरते.

हा घोळ कसा झाला?

मध्ययुगीन इंग्रजीत 'जी-एच' मूक नव्हते. घशात घासून येणाऱ्या 'ख'सारखा त्यांचा उच्चार होई. 'पुरेसे' या अर्थाचा जर्मन शब्द 'गेनूग' आणि इंग्रजी 'इनफ' यांचे मूळ एकच आहे. पुढे इंग्रजीतून हा ध्वनी लोपला. काही शब्दांत तो नाहीसा झाला, तर काहींत त्याचा 'फ' झाला. स्वरांचे उच्चारही त्याच काळात बदलत होते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढल्यानंतर स्पेलिंग हळूहळू स्थिरावले; उच्चार मात्र पुढे सरकत राहिले.

उच्चारांनुसार शब्द

'ओ' : दो (जरी, तरी), डो (मळलेले पीठ), फर्लो (मंजूर रजा).

'ऊ' : थ्रू (मधून, आरपार, द्वारे).

'अफ' : रफ (खडबडीत, ढोबळ), टफ (चिवट, कणखर), इनफ (पुरेसे), स्लफ (कात टाकणे).

'ऑफ' : कॉफ (खोकला, खोकणे), ट्रॉफ (गुरांची गव्हाण, हवामानशास्त्रात कमी दाबाचा पट्टा, अर्थशास्त्रात घसरणीचा तळ).

'आउ' : बाउ (झाडाची मोठी फांदी), प्लाउ (नांगर), ड्राउट (अवर्षण).

'ऑ' : थॉट (विचार), बॉट (विकत घेतले), ब्रॉट (आणले), सॉट (शोधले), फॉट (लढला), ऑट (करायला हवे). या गटात अक्षरांनंतर 'टी' येतो.

आखूड 'अ' : थरा (सखोल), बरा (स्वतंत्र नगरपालिका किंवा महानगराचा विभाग). हे ब्रिटिश उच्चार होत; अमेरिकेत 'थरो' आणि 'बरो' म्हणतात.

'अप' : हिकप (उचकी). 'कॉफ'शी नाते असल्याच्या गैरसमजातून याला ही अक्षरे चिकटली. आता 'यू-पी'चे स्पेलिंगच रूढ आहे.

'ऑख' : लॉख (आयर्लंडमधील सरोवर).

लंडनच्या पश्चिमेकडील 'स्लाउ' हे गावाचे नाव याच अक्षरांचे. 'लफबरा' या गावाच्या नावात तर ही चार अक्षरे दोनदा येतात आणि दोन्ही वेळा उच्चार वेगळा होतो.

जपून वापरण्याचे शब्द

'दो', 'थ्रू' आणि 'थरा' यांच्या स्पेलिंगमध्ये एकेका अक्षराचा फरक आहे. तिन्ही शब्द शुद्ध असल्याने संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीतून चुकीचा शब्द निसटू शकतो. 'सखोल तपासणी'ची 'मधून तपासणी' होते ती अशी. अमेरिकी इंग्रजीत 'सोमवार थ्रू शुक्रवार' म्हटले की शुक्रवार धरला जातो. करारातील मुदत वाचताना हे ध्यानात ठेवावे.

'फर्लो' हा शब्द डच भाषेतून सतराव्या शतकात सैनिकांच्या रजेसाठी आला. महाराष्ट्रातील तुरुंग नियमांत फर्लो म्हणजे कैद्याची 'संचित रजा'. ब्रिटनमध्ये मार्च २०२० ते ३० सप्टेंबर २०२१ या काळात कोरोनामुळे काम थांबलेल्यांना याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत, महिना कमाल २,५०० पौंड मिळत. अमेरिकेत मात्र फर्लो म्हणजे बहुधा सक्तीची बिनपगारी रजा. तेथे एच-१बी व्हिसावरील कर्मचाऱ्याला केवळ काम नाही म्हणून बिनपगारी बसवून ठेवता येत नाही. नोकरी रीतसर संपवली जाईपर्यंत ठरलेले वेतन देण्याचे बंधन मालकावर असते. पत्रात हा शब्द आला, तर ते कोणत्या देशातून आले आहे आणि पगाराबद्दल त्यात काय लिहिले आहे, हे आधी पाहावे.

अमेरिकी वळण

अमेरिकेने काही शब्द सुटसुटीत केले. नांगर तेथे 'पी-एल-ओ-डब्ल्यू' असा लिहितात. 'थ्रू'चे 'टी-एच-आर-यू' हे रूप रस्त्यावरच्या पाट्यांवर आणि उपाहारगृहांच्या फलकांवर दिसते. औपचारिक पत्रात, अहवालात किंवा अर्जात मात्र ते लिहू नये.