दंडावरची खूण, मनगटावरची पट्टी



मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी लग्न होतं. त्यांची धाकटी बहीण पुण्याहून आली होती. दोन वर्षांपूर्वी तिनं वजन कमी करायची शस्त्रक्रिया करून घेतली होती, पोटाचा बायपास. नवरा सोडून कुणालाच हे ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर "खाणं कमी केलं, चालायला लागले," एवढंच ती सांगायची.

लग्नाच्या धावपळीत तिचे गुडघे दुखायला लागले. मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि चार-पाच दिवस घेतल्या. हळदीच्या दिवशी डोळ्यांपुढं अंधारी येऊन ती पडली. दोन दिवसांपासून शौचाला डांबरासारखी काळी होत होती, पण लग्नघरात ते कुणाला सांगणार? दवाखान्यात नेलं तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही ऑपरेशन झालंय का?" ताई म्हणाल्या, "नाही जी." त्या खोटं बोलल्या नाहीत, त्यांना माहीतच नव्हतं. दुखण्यावरचं इंजेक्शन भरून तयार होतं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन लागला आणि खरं काय ते कळलं.

बाई वाचली. परत जायच्या आधी ती आमच्या बैठकीला आली आणि तिनं विचारलं, "ऑपरेशनची माहिती लिहिलेली पट्टी मनगटात घालतात म्हणे. मी घालू का?" बैठकीत दोन तट पडले. एक काकू म्हणाल्या, "गाई-म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला मारतात, तसा माणसाला कशाला गं माय?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न काही हसण्यावारी जाईना. म्हणून आम्ही मागं जाऊन पाहिलं. अंगावर खूण बाळगायची ही रीत आली कुठून?

आपल्याला ती नवी नाहीच. आपल्या आज्यांच्या हातावर, कपाळावर गोंदण होतं. सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या म्हणायच्या. जत्रेत हातावर नाव गोंदून घ्यायचे. लेकरू हरवलं तर नाव वाचून घरी यावं, हाही त्यात हेतू असायचा. भांड्यांचं तसंच. लग्नातल्या पंक्तीला दिलेलं पातेलं परत यावं म्हणून आपण त्यावर नाव कोरून घेतो.

दुसरी खूण देवीच्या लशीची. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. भारतात ही लस लागू पडलेली ती पहिली. तिच्या हातावर आलेल्या फोडातली लस पुढं दुसऱ्या मुलांना दिली आणि तिथून ती देशात पसरली. एका लहान मुलीच्या अंगावरून हे काम सुरू झालं, हे आपण लक्षात ठेवायला हवं. आपल्या सासवांच्या दंडावर गोल वण दिसतो तो या लशीचा. देवीची साथ आली की आरोग्याचे लोक दंड बघायचे. वण असला की टोचलेलं आहे हे कळायचं, बाईनं तोंड उघडायची गरज नसायची. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला.

तिसरी गोष्टही मुंबईचीच. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढं मांडला. त्याला आज बॉम्बे रक्तगट म्हणतात. साध्या तपासणीत हे रक्त 'ओ' गटासारखं दिसतं. पण अशा माणसाला 'ओ' गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. आपल्या देशात असा माणूस साधारण १०,००० त एक. बाळंतपणात रक्त गेलेली बाई या गटाची असली आणि कुणाला माहीत नसलं, तर काय होईल? म्हणून ही माणसं आपल्या गटाचं कार्ड जवळ बाळगतात. वरून सगळ्यांसारखं दिसणारं पण आतून वेगळं असलेलं अंग असेल, तर चिठ्ठी लागते, हे यातून शिकायचं.

आता मनगटातल्या पट्टीची गोष्ट. १९५३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टर्लॉक गावी लिंडा कॉलिन्स या मुलीच्या बोटाला कापलं. धनुर्वाताचं औषध देण्याआधी सोसतं का हे बघायला तिला थोडंसं औषध लावलं. तेवढ्यानंच ती मरणाच्या दारी गेली. तिचे वडील स्वतः डॉक्टर होते, म्हणून निभावलं. पुढं ती घराबाहेर पडली की आईवडील तिच्याजवळ कागदाची चिठ्ठी द्यायचे. कॉलेजला जायची वेळ आली तेव्हा कागदाऐवजी चांदीची पट्टी करून घेतली. १९५६ साली तिच्या वडिलांनी मेडिकअलर्ट ही संस्था काढली आणि हा दागिना जगभर गेला.

वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही त्याच काळातला. १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन आणि डॉ. चिकाशी इटो यांनी पोटाचा बायपास केला. त्यात जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून त्याला थेट आतडं जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यातून जात नाही. दुसऱ्या प्रकाराला स्लीव्ह म्हणतात. त्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि नळीसारखा भाग ठेवतात. आज ही ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात. पोटावर चार-पाच बारीक वण राहतात. ते बघून आत काय बदललंय हे कुणालाही ओळखू येत नाही.

आणि घोळ इथंच होतो. बायपास झालेल्या बाईनं डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर आतल्या जोडावर जखम होऊन रक्त जाऊ शकतं. आमच्या ताईंच्या बहिणीचं तेच झालं. नाकातून पोटात नळी अंदाजानं सरकवली तर जोडाला इजा होऊ शकते. काही जणींची साखर जेवल्यावर तास-दोन तासांनी एकदम उतरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, बोलणं अडखळतं. गावात लोक म्हणतात, अंगात आलं. बरेच दिवस उलट्या होत असतील तर ब-१ जीवनसत्त्व संपलेलं असतं. ते आधी न देता ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आपल्याकडं तर अशक्तपणा आला की आपणच म्हणतो, "डॉक्टर, एक सलाईन लावा." गरोदरपणात साखर तपासायला ग्लुकोजचं पाणी पाजतात, तेही बायपास झालेल्या बाईला सोसत नाही. म्हणून आशाताईला ऑपरेशनचं आधी सांगावं लागतं.

मग पट्टी घालायची का? सगळेच डॉक्टर ती घालायला सांगत नाहीत आणि सक्ती तर कुणाचीच नाही. आमच्या बैठकीत असं ठरलं. बायपास झालेल्या बाईनं काहीतरी अंगावर बाळगावंच. स्लीव्ह झालेलीनं आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. इन्सुलिन घेणारी, रक्त पातळ करायची गोळी घेणारी, एखादं औषध न सोसणारी, यांनाही हेच लागू.

काकूंचं म्हणणं आम्ही सोडून दिलं नाही. त्यांचं एक खरं होतं : पट्टी घातली तरी बघणारा हवा. म्हणून एकट्या पट्टीवर भिस्त ठेवायची नाही. मोबाईलच्या कव्हरमध्ये कार्ड ठेवायचं. फोनला कुलूप असलं तरी दिसेल अशी आणीबाणीची माहिती भरून ठेवायची. १०८ च्या गाडीत बसवणाऱ्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं. आणि घरातल्या दोघांना तरी खरं सांगून ठेवायचं.

पट्टीवर फार लिहायचं नाही. ऑपरेशनचं नाव, काय द्यायचं नाही, आणि हमखास उचलला जाईल असा एक फोन नंबर. मजकूर आपल्या सर्जनकडून तपासून घ्यायचा. दवाखान्यात चटकन वाचता यावं म्हणून इंग्रजीत, आणि मागच्या बाजूला मराठीत. महागडी वस्तूच हवी असं नाही. आमच्या ताईंनी परभणीच्या बाजारात भांड्यांवर नावं कोरणाऱ्याकडून स्टीलच्या छोट्या पत्र्यावर अक्षरं कोरून घेतली आणि बहिणीला पाठवली.

बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "लोक विचारतील." विचारू द्या. आपण गळ्यात मंगळसूत्र घालतो, बोटात जोडवी घालतो, कपाळाला कुंकू लावतो. त्यावरून आपण कुणाच्या घरच्या हे लोकांना कळतं. आपल्या पोटात काय आहे, कोणतं औषध आपल्याला सोसत नाही, हे सांगणारा एकही दागिना आपल्या पेटीत नव्हता. ऑपरेशन करून घेणं म्हणजे चोरी नव्हे. ज्या बाईनं ते लपवलं ती लाजेपायी मरणाच्या दारात जाऊन आली. आपण पातेल्यावर नाव कोरतो, पातेलं परत यावं म्हणून. बाई परत यावी म्हणून चार अक्षरं कोरायला काय हरकत आहे?

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं यावर बोला. कुणाचं कोणतं ऑपरेशन झालंय, कुणाला काय सोसत नाही, हे जिनं तिनं एका कागदावर लिहून घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवावं. जिला बैठकीत सांगायचं नसेल तिनं सांगू नये, पण लिहावं जरूर. आम्ही आमच्या गटात सुरुवात केली. पहिला कागद काकूंनीच लिहिला. त्यांना पेनिसिलीन सोसत नाही, हे आम्हाला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं.