सोलापूरचा १३ नंबर तवांगला गेला

आपल्याकडे आजही जागा सांगताना लोक "एनएच नाईनला लागूनच आहे" असं म्हणतात. बाळ्यावरून पुण्याला आणि बोरामणीवरून हैदराबादला जातो तो नाईन, विजापूर रोड तो थर्टीन. कागदावर मात्र हे नंबर कधीच गेले. २०१० साली केंद्र सरकारने सगळ्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर नव्याने लावले. आज ९ नंबरचा महामार्ग दिल्लीवरून उत्तराखंडात पिथोरागडकडे जातो. १३ नंबर अरुणाचलात, तवांगला. पुणे-कोल्हापूरकरांचा ४ नंबर तर समुद्र ओलांडून अंदमानात पोचला! आपला हैदराबाद रोड झाला ६५ आणि विजापूर रोड ५२.

हे उगाच केलं असं मी म्हणणार नाही. जुन्या पद्धतीत रस्ता जसजसा जाहीर होईल तसतसा पुढचा नंबर मिळायचा, फाटे फुटले की मागे ए, बी लागायचं. त्यामुळे सोलापुरातून दक्षिणेला निघालात की १३ आणि उत्तरेला धाराशिव, बीडमार्गे धुळ्याकडे निघालात की एकदम २११. सरळ एक रस्ता, नावं दोन. आता दोन्ही मिळून ५२, हे चांगलंच झालं.

नव्या नंबरांत नियम आहे. उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते सम, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम जाणारे विषम, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. धुळ्यावरून नागपूरला जाणारा ५३, त्याच्या खाली नगर-परभणी-नांदेडचा ६१, त्याच्या खाली आपला ६५. बरोबर बसतं. पण ५२ घ्या. पुणे-सातारा-कोल्हापूरचा महामार्ग ४८. नियमाने ५२ त्याच्या पश्चिमेला हवा, म्हणजे कुठेतरी कोकणात! आपण तर पूर्वेला. कारण हा रस्ता ४८ला जयपूरला एकदा आणि हुबळीला पुन्हा ओलांडतो. लांबलचक रस्त्याला नियमात बसवायला गेलं की असं होतं. आणि तीन आकडी नंबर म्हणजे शाखा, शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. मंगळवेढ्याहून सोलापूरला येणारा १६६ म्हणजे कागदोपत्री कोकणातल्या ६६ची फांदी. रत्नागिरीपासून सुरू होतो म्हणून. मंगळवेढ्याच्या माणसाला हे सांगून बघा.

आता माझा खरा मुद्दा. ज्या रस्त्यांचे नंबर लोकांच्या तोंडात बसले होते ते आपण बदलले. आणि जिथे नंबराची खरी गरज आहे, म्हणजे रस्त्यावरून बाहेर पडायची जागा, तिथे देशात बहुतेक ठिकाणी नुसत्या गावाच्या नावावर भागवतो.

आपल्याकडे बाहेर पडायच्या जागेला चांगला शब्द आहे, फाटा. टेंभुर्णीला अकलूजकडे वळायचं, मोहोळला पंढरपूरकडे. फाट्यावर चहाची टपरी असते, एसटीची वाट बघणारी माणसं असतात. पाटी नसली तरी गाडी थांबवून "ओ मामा, हा रस्ता कुठं जातो?" विचारता येतं. फाट्याची पाटी म्हणजे ती माणसंच. प्रवेश-नियंत्रित द्रुतगती मार्ग आला की मामा गेले, टपरी गेली, थांबणंही गेलं. शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला सत्तावीस-अठ्ठावीस मीटर पुढे जाते. त्यात आपण डाव्या बाजूने चालणारे, म्हणून बाहेरची वाटही डावीकडे. उजवीकडच्या गावाला जायचं तरी आधी डावीकडे उतरा, मग गोल फिरून पुलावरून किंवा पुलाखालून पलीकडे जा. नवखा माणूस "आपलं गाव तर उजवीकडे" म्हणून उजव्याच लेनमध्ये राहतो, वाट चुकते, आणि मग तो सगळ्यात भयंकर काम करतो. गाडी रिव्हर्स घेतो. मागून भरलेला ट्रक येत असतो.

नंबर लावला की प्रश्न सुटतो असंही नाही, कसा लावला ते बघावं लागतं. सोलापूरकरांच्या ओळखीचं उदाहरण हैदराबादच्या आउटर रिंग रोडचं. १५८ किलोमीटरचं वर्तुळ, एक्झिटना ओळीने नंबर. उमरगा, जहिराबाद करत आपण पटणचेरूला पोचतो, ती एक्झिट ३. शमशाबाद विमानतळ एक्झिट १६. तीनवरून सोळाला जायचं म्हणजे ४, ५, ६ अशा चढत्या बाजूने, असं कुणालाही वाटेल. तसं गेलात तर शंभराहून जास्त किलोमीटर फिराल, टोलही अंतरावर! खरी जवळची वाट उलटी: ३, २, १ आणि एकनंतर थेट १९, मग १८, १७, १६. विमान गाठायच्या घाईत हे गणित रस्त्यावर सुचत नाही, निघायच्या आधीच डोक्यात ठेवा. शिवाय मधे नवी वाट काढली की ओळ मोडते. मल्लमपेटला वाट काढली तर तिला ४ए म्हणावं लागलं.

अमेरिकेतही हीच रड होती. कॅलिफोर्नियात पहिला फ्रीवे १९४० सालचा, पण राज्यभर एक्झिटना नंबर लावायचं काम सुरू झालं २००२ मध्ये. त्यांनी नंबर मैलांवरून लावले. २००९ पासून त्यांच्या केंद्रीय नियमावलीनेही तीच पद्धत धरली, आणि ओळीने नंबर लावलेल्या राज्यांना पाट्या बदलत बसावं लागलं. मैलावरून, आपल्याकडे किलोमीटरवरून, नंबर असला की साठाव्या किलोमीटरची एक्झिट ६०. उद्या सदुसष्टाव्यावर नवी वाट काढली तर ती ६७, बाकीच्यांना हात लावायला नको. "आत्ताच ६० गेली" एवढं १०३३ वर फोन करून सांगितलं तरी अपघात साधारण कुठे झाला ते कळतं. रात्री दोन वाजता, पिवळ्या माथ्याचा दगड अंधारात दिसत नसताना, ॲम्ब्युलन्सला हे लागतं.

हे आत्ता लिहायचं कारण सुरत-चेन्नई मार्ग. तो आपल्या बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट तालुक्यांतून आखलेला आहे. मोबदल्याचा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन. पण कुठल्या गावाजवळ उतरता येणार, कुठे नुसता भुयारी रस्ता मिळणार आणि पाटीवर काय लिहिणार, हे नकाशात ठरतं, उद्घाटनाच्या दिवशी नाही. ज्यांची जमीन त्यात आहे त्यांनी मोजणीच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारावा: आमच्या गावाला जवळची एक्झिट कितव्या किलोमीटरला आहे, आणि तोच आकडा पाटीवर येणार का?