बौद्ध विवाह आणि नोंदणी

दिनांक 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विवाह नोंदणी पद्धतीने झाला, हे बौद्ध समाजाने विसरता कामा नये. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर जुने विधी सुटले. त्रिशरण, पंचशील व वधूवरांच्या प्रतिज्ञा आल्या. 1955 चा हिंदू विवाह कायदा मात्र बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार विधीने विवाह सिद्ध होतो, नोंदणीने त्याचा पुरावा राहतो. पोटगी वा वारसाहक्काच्या वेळी पुरावा नसला, तर झळ बहुधा स्त्रीलाच बसते. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने 90 दिवसांत नोंदणी आवश्यक केली आहे. म्हणून विहारातील मंगलविधी आटोपताच वधूवरांनी तीन साक्षीदारांसह निबंधकाकडे जावे. धम्माने दिलेली समता कागदावरही टिकली पाहिजे.