कागदाच्या लगद्याचा राक्षस : हेवी मेटलच्या बटबटीतपणाविषयी

पडद्यावर जे चित्र दिसतंय ते पाहून मागच्या रांगेत हसू फुटलेलं मला ऐकू आलं. हसा, बिनधास्त हसा. हा ब्लॅक सॅबथच्या दुसऱ्या अल्बमचा, म्हणजे १९७० सालच्या 'पॅरॅनॉइड'चा वेष्टनफोटो. रात्रीची वेळ, झाडी, आणि त्यातून एक इसम तलवार-ढाल घेऊन उडी मारतोय. डोक्यावर हेल्मेट. फोटो जरासा हललेला. 'पॅरॅनॉइड' या शब्दाशी याचा काय संबंध? काहीच नाही. अल्बमचं नाव आधी 'वॉर पिग्ज' ठरलं होतं, तेव्हा हा बुवा युद्धाचा प्रतिनिधी म्हणून उभा केला. मग रेकॉर्ड कंपनीने नाव बदललं आणि चित्र तसंच ठेवलं. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला! आज पन्नासहून जास्त वर्षं झाली, लोक हे चित्र टी-शर्टवर घालून हिंडतात.

इंग्रजीत याला 'चीझी' म्हणतात. मराठीत नेमका शब्द मला सापडलेला नाही. 'भडक' हा रंगापुरता, 'बाळबोध' हा बुद्धीपुरता. 'बटबटीत' बराच जवळ जातो, पण त्यात माया नाही. आणि आज मला बोलायचंय ते त्या मायेबद्दलच. हे लोक हास्यास्पद दिसत होते हे खरं. पण ते कोण होते, आणि त्यांना हसणारे कोण होते, हे पाहिल्याशिवाय त्या हसण्याचा अर्थ लागत नाही.

तर चला बर्मिंगहॅमला. शहराच्या उत्तरेचा ॲस्टन नावाचा कामगार भाग. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला. साल १९६५. त्याला बँडबरोबर दौऱ्यावर जायचं होतं, नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, काम अर्धवट टाकायचं नाही, जा. गेला. नेहमीचा माणूस आला नव्हता म्हणून याला दुसऱ्या यंत्रावर बसवलं, आणि त्या यंत्राने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो वाजवायचा. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. पातळ तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूर खाली आणला, दाबायला सोपं जावं म्हणून. आज जगभर ज्या जड, खोल आवाजाला मेटल म्हणतात, त्यात या अपघाताचा मोठा वाटा आहे.

त्याचा गायक ऑझी ऑझबर्न. हा कत्तलखान्यात काम करून आलेला, आणि त्याआधी गाड्यांच्या हॉर्नचा सूर तपासायच्या कामावर. (हशा) नाही, खरंच. दिवसभर हॉर्न ऐकायचे. अशा मुलांनी पहिला अल्बम काढला तो १३ फेब्रुवारी १९७० ला. तेरा तारीख आणि शुक्रवार, मुद्दाम. वेष्टनावर ऑक्सफर्डशरमधली एक जुनी पाणचक्की आणि समोर काळ्या झग्यातली बाई. आत कंपनीने परस्पर उलटा क्रूस छापून टाकला. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्जने अल्बमला झोडपलं. लंडन-न्यूयॉर्कच्या शिकल्यासवरल्या समीक्षकांना ही पोरं अडाणी वाटली. अडाणी नव्हती, पण त्यांच्या कल्पनेचं सामान शनिवारच्या भुताच्या सिनेमातून आणि स्वस्त कादंबऱ्यांतून आलं होतं, हे मात्र मान्य करायला हवं. बँडचं नावच मुळी एका भयपटाचं.

आता दहा वर्षं पुढे या. १९८० च्या एप्रिलमध्ये जूडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील' आला. हेही त्याच पट्ट्यातले, वेस्ट ब्रॉमविचचे. वेष्टनावर रोस्वाव शायबो या पोलिश कलाकाराचं काम : बोटांत धरलेलं दाढीचं पातं, त्यावर अल्बमचं नाव कोरलेलं. लक्षात घ्या, त्याच वर्षी जानेवारीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश स्टील या सरकारी कंपनीत देशव्यापी संप चालला होता. म्हणजे दुकानात रेकॉर्ड गेली तेव्हा ते नाव रोजच्या वर्तमानपत्रातलं होतं. पण अल्बममध्ये संपावर गाणं आहे का? नाही. धातूचे देव आहेत, यंत्रमानव आहेत. आणि त्या यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज कसा काढला? स्वयंपाकघरातला काटे-चमच्यांचा ट्रे हलवून. दुसऱ्या गाण्यात काच फुटते ती दुधाच्या बाटल्या फोडून. मला हा तपशील फार आवडतो. चमच्यांचा ट्रे खुळखुळवायचा आणि चेहरा गंभीर ठेवायचा!

प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्ड मंचावर हार्ली-डेव्हिडसन घेऊन यायचा, अंगभर चामडं आणि खिळे. हा पोशाख लवकरच साऱ्या मेटलचा गणवेश झाला, मर्दानगीची खूण झाला. हॅलफर्डने १९९८ मध्ये टीव्हीवर जाहीर सांगितलं की तो समलिंगी आहे. इतकी वर्षं त्या गर्दीसमोर तो हे मनात ठेवून गात होता. लोक काय म्हणतील ही त्याची भीती. लोकांनी काय केलं? तिकिटं काढणं चालूच ठेवलं. ज्या वेषाला बाहेरचे लोक जत्रेतलं सोंग म्हणत होते, त्या सोंगाच्या आत एक माणूस सुरक्षित उभा होता. हे मी माझं मत म्हणून सांगतोय. पोशाखाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता असं हॅलफर्ड स्वतः म्हणतो.

त्याच महिन्यात लंडनच्या पूर्व भागातल्या आयर्न मेडनचा पहिला अल्बम आला. यांचा 'एडी' तुम्ही पाहिला असेल, मेटल न ऐकणाऱ्यांनीही. हा एडी मुळात वेष्टनावर जन्मलेला नाही. पबमध्ये वाजवत असताना त्यांच्या रोषणाईवाल्याने कागदाच्या लगद्याचा एक मुखवटा केला, ड्रमरच्या मागे टांगला, आणि माशांच्या टाकीचा छोटा पंप लावून त्याच्या तोंडातून खोटं रक्त उडवायची सोय केली. रक्त उडायचं ते थेट ड्रमरच्या डोक्यावर. पुढे डेरेक रिग्ज या चित्रकाराचं एक पडून राहिलेलं चित्र व्यवस्थापकाला दिसलं. ते पंक बँडसाठी काढलेलं होतं. त्याने सांगितलं, केस वाढव. केस वाढले, एडी तयार. त्या वर्षीच्या 'सँक्च्युअरी' या सिंगलवर एडी चाकू घेऊन उभा, पायाशी मार्गारेट थॅचर पडलेल्या. डोळ्यांवर काळी पट्टी ओढून ते छापलं, आणि अर्थातच त्या पट्टीने जास्त गाजावाजा झाला. पुढच्या एका सिंगलवर थॅचरबाई बंदूक घेऊन एडीची वाट पाहत बसल्यात. हिशोब चुकता.

हे एवढं चित्रांवर का अवलंबून? कारण रेडिओवर यांना फारशी जागा नव्हती. दुकानात बारा इंची चौकोन हीच जाहिरात. पोरगं खोके चाळतंय, हातात एका रेकॉर्डपुरते पैसे, ऐकायची सोय नाही. चित्र बघून घ्यायची. मग चित्र किंचाळायलाच हवं.

आणि जमाव? लंडनच्या किंग्जबरीत एका पबला लागून 'साउंडहाउस' नावाची जागा होती. नील के तिथे नुसत्या रेकॉर्डी लावायचा, आणि पोरं घरून हार्डबोर्ड कापून केलेल्या गिटारी घेऊन यायची, तारा नसलेल्या, आवाज नसलेल्या. त्या घेऊन नाचायची. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं असं समजू नका. कोकणातल्या कुणी संकासुर पाहिला असेल. काळ्या कपड्यांत आत गावातलाच माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पोरं आईच्या पदराआड जातात आणि मोठे हसतात. दोन्ही एकाच वेळी. इथेही करार तोच : तू मुखवटा काढू नकोस, आम्ही आत कोण आहे विचारणार नाही.

हा करार विसरला की काय होतं त्याचं एक उदाहरण देतो. न्यूकॅसलच्या व्हेनम नावाच्या तिघांनी क्रोनॉस, मँटस, अबॅडन अशी नावं घेतली, १९८२ मध्ये 'ब्लॅक मेटल' नावाचा अल्बम काढला. सैतानाचं सगळं नाटक, अगदी भयपटाच्या पोस्टरसारखं. नॉर्वेतल्या काही तरुणांनी दहा वर्षांनी ते नाव उचललं आणि नाटक खरं मानलं. १९९२ च्या जूनमध्ये बर्गनजवळचं फांतॉफ्टचं लाकडी चर्च जळालं, आणि जळक्या सांगाड्याचा फोटो एका रेकॉर्डच्या वेष्टनावर आला. पुढे खूनही झाले. व्हेनमच्या कव्हरवरचा बोकड बघून मला हसू येतं, त्या फोटोकडे बघून येत नाही.

बाकी उलट्या बाजूचे किस्से भरपूर. १९८३ मध्ये सॅबथने मंचावर स्टोनहेंज उभारायचं ठरवलं. फुटांच्या जागी मीटर झाले आणि ते शिलावर्तुळ बहुतेक सभागृहांत मावेचना. पुढच्याच वर्षी 'धिस इज स्पायनल टॅप' हा विडंबनपट आला, त्यात नेमकं उलट : अठरा फुटांऐवजी अठरा इंचांचं स्टोनहेंज. अनेक मेटलवाल्यांना तो सिनेमा पाहून हसू आलं नाही म्हणे. त्यांना ती आपलीच गोष्ट वाटली.

मुंबईचा संबंध एवढाच की १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडनचा तो जगदौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू झाला. शेपटावर एडी रंगवलेलं बोइंग विमान, आणि चालवायला गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. इथले काही जण त्या रात्री असतील. हात वर नको, वेळ संपत आली.

गेल्या वर्षी, म्हणजे ५ जुलै २०२५ ला, ऑझीने ॲस्टनमध्येच, व्हिला पार्कच्या मैदानात शेवटचं गायलं. पार्किन्सनमुळे उभं राहता येत नव्हतं. मंचाखालून वर आलं एक काळं सिंहासन, त्यावर वटवाघळाचं नक्षीकाम, आणि त्यात तो बसलेला. इतका बटबटीत प्रकार मी आयुष्यात पाहिला नाही, आणि हजारो लोक रडत होते. सतरा दिवसांनी तो गेला. अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली. पुढे एक स्थानिक ब्रास बँड चालला होता, पितळी वाद्यांवर सॅबथची गाणी वाजवत.