परदेशीं शिकविणें आणि घरीं पैका पोहोंचविणें : एक ऐतिहासिक आलोचन

जुबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या भिंतींचा, घंटेचा आणि होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत द्यावयाचा असा परिपाठ आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या पैक्यावर कुटुंबें तगलीं, धाकटीं भावंडें शिकलीं आणि सावकाराकडील गहाण शेत सुटलें, त्या पैक्याच्या प्रवासाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. आपल्या समाजांत मास्तरकी हा मोठ्या मानाचा व्यवसाय होय. ज्या घरचा मुलगा अथवा मुलगी समुद्रापार शिकवावयास जाते, त्या घरीं दोन प्रश्न एकदमच उभे राहतात : पगार सुरक्षित कोठें ठेवावा, आणि तो आईबापांच्या हातीं कसा पडावा ? हे प्रश्न नवे नाहींत. त्यांचीं उत्तरें मात्र काळाप्रमाणें पालटत गेलीं, आणि तीच हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

पवित्र शास्त्रांतील तोबीतचा ग्रंथ वाचकांच्या परिचयाचा आहे. तोबीतनें मेदिया देशांत गाबाएलजवळ दहा तालांत चांदी ठेविली होती. वार्धक्यांत दारिद्र्य आलें तेव्हां त्यानें ती आणावयास तोबिया नांवाच्या आपल्या मुलास धाडिलें, आणि त्याच्याबरोबर ठेवीचा लेखही दिला. त्या लेखाचे दोन भाग करून प्रत्येकानें एकेक ठेविला होता. गाबाएलनें मोहरा न फुटलेल्या थैल्या जशाच्या तशा काढून दिल्या. दूरदेशीं ठेव, तिचा लेख, विश्वासू सोबती आणि मोहरबंद थैली या चार गोष्टींत पुढील सर्व पेढ्यांचें व बँकांचें बीज आहे.

आपल्या देशांत हें काम हुंडीनें केलें. काशीयात्रेस निघालेला गृहस्थ रोकड कमरेस न बांधतां सराफाकडे भरी आणि हुंडी घेऊन निघे. तिकडील आडत्या ती सकारून रक्कम देई. दाखवितांच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनीं मिळत ती मुदती हुंडी. मूळ कागद गहाळ झाल्यास पेठ, तीही हरवल्यास परपेठ लिहून देण्याची चाल होती. सराफाचा बट्टा हुंडणावळ म्हणून कापला जाई. आजच्या बँकेच्या कमिशनाचें हेंच जुनें नांव होय.

अहमदनगर जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, या विषयाशीं पहिला संबंध उलट दिशेनें आला. येथील माणूस परदेशीं शिकवावयास जाण्यापूर्वी परदेशचीं माणसें येथें शिकवावयास आलीं. १८३१ सालीं प्रॉटेस्टंट बंधूंच्या अमेरिकन मराठी मिशननें नगरांत ठाणें घातलें. त्याच मिशनच्या सिंथिया फॅरार बाई १८२७ सालीं मुंबईस उतरल्या, १८३९ सालीं नगरास आल्या, आणि मुलींच्या शाळा चालवीत १८६२ सालीं येथेंच निवर्तल्या. आपल्या कॅथलिक मिशनचें काम जिल्ह्यांत १८७८ च्या सुमारास केंदळकडे सुरू झालें. तें जर्मन प्रांताच्या येशूसंघीय धर्मगुरूंनीं चालविलें. पुणें धर्मप्रांत १८८६ सालीं स्थापन झाला. या मंडळींच्या निर्वाहाचा व शाळांचा पैसा बव्हंशीं त्यांच्या मायदेशाहून येई. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि जर्मनीकडील वाट एका दिवसांत मिटली. पुढें खुद्द नगरच्या छावणींत जर्मन नागरिक अटकेंत पडले, आणि बहुतेक जर्मन धर्मगुरूंना देश सोडावा लागला. पैक्याची वाट एकाच देशांतून जात असेल तर त्या देशाच्या युद्धाबरोबर तीही बंद पडते, हा धडा आपल्या जिल्ह्यानें प्रत्यक्ष अनुभविला.

इकडे गरिबाच्या हातीं आलेली खरी सोय म्हणजे टपालाची मनीऑर्डर. हिंदुस्थानांत १ जानेवारी १८८० पासून टपालखात्यानें तें काम अंगावर घेतलें. १८८२ सालीं टपालाची सेव्हिंग्ज बँकही उघडली. ज्यास सराफाच्या पेढीची पायरी चढण्याची छाती नव्हती, त्याच्या दाराशीं पोस्टमन स्वतः रोख घेऊन येऊं लागला. आई अंगठा उठवी, साक्षीदार सही करी, आणि पोच पाठविणाऱ्याकडे परत जाई. कुपनावरील दोन ओळी शेजारचा कोणी शिकलेला पोरगा मोठ्यानें वाचून दाखवी. ती कागदी मनीऑर्डर २०१५ सालीं इतिहासजमा झाली.

परदेशीं शिक्षकीचें मोठें क्षेत्र प्रथम पूर्व आफ्रिकेंत उघडलें. युगांडा रेल्वेचें काम १८९६ सालीं सुरू झालें. त्यामागोमाग कारकून, व्यापारी आणि मग शिक्षक गेले. नैरोबीच्या डॉ. रिबेरो गोवन स्कूलसारख्या शाळा आपल्या गोंयकार धर्मबंधूंनीं उभ्या केल्या. आरंभीं तेथें हिंदुस्थानचाच रुपया चाले, व पंधरा रुपयांस एक पौंड असा भाव असे. म्हणून पगार व घरची रक्कम यांचें माप एकच होतें. १९२० सालीं फ्लोरिन व १९२१ सालीं शिलिंग आलें आणि हिशेब बदलला. १९२७ सालीं रुपयाचा दर १८ पेन्स ठरला. शिलिंग १२ पेन्सांचें. म्हणून तीनशें शिलिंग पाठविल्यास घरीं दोनशें रुपये पडत. १९४९ सालीं पौंड व रुपया बरोबरच घसरल्यामुळें हें प्रमाण टिकलें. पण ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन होऊन पौंडाचा भाव सुमारें तेरा रुपये तेहतीस पैशांवरून एकवीस रुपयांवर गेला, आणि त्याच तीनशें शिलिंगांचे तीनशें पंधरा रुपये होऊं लागले. पाठविणाऱ्याचें श्रम तेवढेच. परंतु ज्यानें आधींच्या आठवड्यांत पैसे पाठविले त्यास दोनशें आणि ज्यानें नंतर पाठविले त्यास तीनशें पंधरा! अर्थात् त्याच सुमारास येथें महागाईही वाढली, हें विसरूं नये.

अरबी आखाताची कथा अधिक चमत्कारिक आहे. कुवेत, बहरीन, कतार येथेंही आपलाच रुपया चलनांत होता. १९५९ सालीं तिकडच्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें निराळ्या नोटा काढल्या. कुवेतनें १९६१ त व बहरीननें १९६५ त स्वतःचा दिनार सुरू केला. १९६६ च्या अवमूल्यनानंतर इतर संस्थानांनींही रुपया सोडला. तेव्हांपासून आखातांतील शिक्षकासही दर महिन्यास भाव विचारणें भाग पडलें.

सरकारचें नियंत्रण १९३९ सालीं महायुद्धाबरोबर आलें आणि १९४७ च्या कायद्यानें कायम झालें; १९७३ चा कायदा त्याहून कडक होता. परकी चलन अधिकृत बँकेच्या द्वारेंच यावें, हा त्यांचा मुख्य दंडक. परंतु सरकारनें केवळ कुलूप लाविलें नाहीं, दारही उघडलें : १९७० सालीं परदेशस्थांसाठीं रुपयांचें अनिवासी बाह्य खातें आणि १९७५ सालीं परकी चलनांतील ठेव सुरू झाली. १९९९ चा नवा कायदा १ जून २००० पासून अमलांत आला. त्यानें फौजदारी दहशत कमी केली, पण अधिकृत वाटेचा आग्रह ठेविला.

बँकेंत पैसा आहे म्हणजे तो सुरक्षितच आहे, असें मात्र नाहीं. १९७२ च्या ऑगस्टांत युगांडाच्या इदी अमीननें आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडावयास सांगितलें. घरें, दुकानें आणि बँकेंतील शिल्लक मागें टाकून लोक निघाले. बरोबर नेऊं दिलेला पैसा अगदींच थोडा होता. ज्यांनीं वेळोवेळीं मायदेशीं पैसे पाठविले होते त्यांच्यापाशीं परतल्यावर निदान एक छप्पर राहिलें. याउलट, आलेला सर्व पैसा भावाच्या किंवा चुलत्याच्या नांवें लावून ठेवणाऱ्याची दुसरी शोककथा गांवोगांवीं ऐकूं येते. वीस वर्षें परमुलुखांत शिकवून परतलेल्या माणसास स्वतःच्याच पैशानें बांधलेल्या घरांत पाहुणा व्हावें लागतें, आणि त्याच्या पश्चात् विधवेस बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. परकी सत्ता जितकें हिरावते तितकेंच घरचा अव्यवस्थित व्यवहार हिरावूं शकतो.

आजचें मान मोठें आहे. २०२२ सालीं परदेशस्थ भारतीयांनीं मायदेशीं पाठविलेली रक्कम शंभर अब्ज डॉलरांच्या पलीकडे गेली. संदेश क्षणांत पोहोंचतो, तरी जगांत सरासरीनें शेंकडा सुमारें सहा हुंडणावळ अद्याप कापली जाते. म्हणून कित्येक हवालाकडे वळतात. जुनी हुंडी सराफाच्या वहींत नोंदली जाई. हवाल्याचा मात्र लेख नसतो, पोच नसते, बुडाल्यास दाद नसते, आणि तो बेकायदाही आहे. गाबाएलच्या थैलीवर मोहर होती, ही गोष्ट येथें ध्यानांत घ्यावी.

या इतिहासावरून आपल्या कुटुंबांनीं कांहीं गोष्टी बोधानें घ्याव्यात. परदेशीं नोकरी लागतांच येथील जुन्या बचत खात्याची स्थिति बँकेस कळवून तें अनिवासी करून घ्यावें. तिकडील पगार अनिवासी बाह्य खात्यांत यावा. त्यावरील व्याजास अनिवासी असेपर्यंत येथें आयकर नाहीं, आणि ती रक्कम परत नेतां येते. येथील भाडें, शेतीचें उत्पन्न यांसाठीं निराळें साधारण अनिवासी खातें असावें. आईवडिलांस घरखर्च काढतां यावा म्हणून बँकेस लेखी अधिकारपत्र द्यावें. पण खातें स्वतःच्या नांवें ठेवावें. पत्नीचें वा पतीचें नांव वारस म्हणून नोंदवावें. पाठविण्यापूर्वी दर व कमिशन दोन्ही विचारावें. केवळ कमिशन नाहीं म्हणून भुलूं नये, कारण तें बहुधा दरांत दडलेलें असतें. परतल्यावर पुन्हां बँकेस कळवावें.

तोबिया पैसे घेऊन परतला तेव्हां त्याचा आनंद थैल्यांपुरता नव्हता. वाट पाहणाऱ्या आईबापांस मुलगा सुखरूप दिसला हा त्याहून मोठा होता. परदेशीं फळ्यापुढें उभ्या असलेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीच्या श्रमाचा पैका सचोटीच्या वाटेनें घरीं पोहोंचो, तो ज्याचा त्याच्याच नांवें राहो, आणि त्याचबरोबर पाठविणाराही एक दिवस सुखरूप घरीं येवो, अशी या जुबिलीच्या प्रसंगीं परमेश्वरचरणीं प्रार्थना आहे.